स्टॅम्प ड्युटीचे टप्पे इंग्लंडमधल्या घरांच्या किमती कशा ठरवतात

डिसेंबर २०१४ पूर्वी इंग्लंडमध्ये घर शोधणाऱ्याच्या एक गोष्ट लवकरच लक्षात येत असे. एखाद्या मध्यम शहरातली तीन बेडरूमची घरे २,३५,०००, २,४०,०००, २,४५,००० पौंड अशा चढत्या किमतींना विक्रीला लावलेली असत, २,४९,९५० पौंडांना तर त्यांची रांगच असे, आणि त्यानंतर २,५२,००० किंवा २,५५,००० पौंडांचे घर मात्र सहसा दिसत नसे. पुढचे घर एकदम २,६५,००० किंवा २,७०,००० पौंडांचे. घरांच्या आकारात, वस्तीत किंवा बांधकामात अशी एकाएकी उडी नव्हती. उडी होती ती करात, आणि ती करातून विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत आणि खरेदीदाराने दिलेल्या ऑफरमध्ये जशीच्या तशी उतरत होती. कराचा तक्ता सरकारचा असला तरी त्याचा खरा परिणाम इस्टेट एजंटाच्या जाहिरातीत कसा दिसतो, हे समजून घेणे तिथे घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे, कारण २०१४ मध्ये ती उडी बहुतांश काढून टाकली गेली तरी पूर्णपणे नाहीशी झालेली नाही.

इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये घर विकत घेताना भरावयाच्या या कराचे पूर्ण नाव ‘स्टॅम्प ड्युटी लँड टॅक्स’ असे आहे. आजच्या स्वरूपात तो १ डिसेंबर २००३ पासून लागू झाला. त्याआधी दस्तऐवजावर मुद्रा उमटवून घेण्याची १६९४ पासूनची जुनी पद्धत होती. स्कॉटलंडने एप्रिल २०१५ मध्ये आणि वेल्सने एप्रिल २०१८ मध्ये आपापले वेगळे कर आणि वेगळे टप्पे लागू केले, त्यामुळे पुढचे सगळे आकडे इंग्लंडपुरते समजावेत. हा कर खरेदीदार भरतो. ज्या दिवशी पैसे पोचते होऊन घराच्या किल्ल्या मिळतात त्या दिवसाला तिथे ‘कम्प्लिशन’ म्हणतात, आणि त्यानंतर १४ दिवसांच्या आत विवरणपत्र आणि कर दोन्ही भरावे लागतात. व्यवहार पाहणारा सॉलिसिटर ही रक्कम बहुधा कम्प्लिशनच्या आधीच मागून घेतो. कर भरणारा खरेदीदार असला तरी त्याचे ओझे एकट्या खरेदीदारावर पडते असे मानणे चूक ठरेल. खरेदीदाराची ऐपत ठरलेली असते. सरकारला जितके जास्त द्यावे लागेल तितके विक्रेत्याला देण्यासाठी कमी उरते, आणि म्हणून ऑफर खाली येते.

आता जुन्या पद्धतीकडे नीट पाहू, कारण टप्प्यांचा सगळा खेळ तिच्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. २०१४ मध्ये १,२५,००० पौंडांपर्यंतच्या घरावर कर नव्हता, त्यापुढे २,५०,००० पर्यंत १ टक्का, ५,००,००० पर्यंत ३ टक्के, दहा लाखांपर्यंत ४ टक्के, वीस लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्याच्याही वर ७ टक्के असा दर होता. अडचण या टक्केवारीत नव्हती. अडचण अशी होती की ज्या टप्प्यात घराची किंमत पडेल त्या टप्प्याचा दर संपूर्ण किमतीवर, अगदी पहिल्या पौंडापासून, लागू होत असे. २,५०,००० पौंडांच्या घरावर १ टक्क्याने २,५०० पौंड कर होता. किंमत एक पौंडाने वाढून २,५०,००१ झाली की सगळ्या रकमेवर ३ टक्के, म्हणजे ७,५०० पौंड. विक्रेत्याच्या हाती एक पौंड जास्त, आणि खरेदीदाराच्या खिशातून ५,००१ पौंड जास्त. ५,००,००० च्या सीमेवरही अशीच ५,००० पौंडांची उडी होती, दहा लाखांवर १०,००० पौंडांची, आणि वीस लाखांवर तर ४०,००० पौंडांची.

याचा ऑफरवर काय परिणाम होतो हे एका छोट्या हिशेबातून कळते. समजा एका कुटुंबाची घरासाठी, कर धरून, एकूण २,५२,५०० पौंड खर्च करण्याची तयारी आहे. ते २,५०,००० ची ऑफर देऊ शकतात, कारण वर २,५०० कर जाईल. आता दुसऱ्या कुटुंबाची तयारी २,५७,५०० पौंडांची आहे. पहिल्यापेक्षा त्यांच्याकडे ५,००० पौंड जास्त आहेत. ते किती ऑफर देऊ शकतील? २,५०,००० च्या वर गेले की ३ टक्के लागणार, आणि २,५७,५०० ला १.०३ ने भागले की उत्तर येते बरोबर २,५०,०००. म्हणजे ज्यांची एकूण ऐपत २,५२,५०० पासून २,५७,५०० पर्यंत कुठेही आहे त्या सगळ्यांची ऑफर २,५०,००० वरच अडते. विक्रेत्याने कितीही ताणून धरले तरी या खरेदीदारांकडून त्याला एक पौंडही जास्त मिळू शकत नाही. २,४९,९५० च्या जाहिरातींची रांग इथून आली. अनुभवी एजंट विक्रेत्याला स्पष्टच सांगत असे की तुमच्या घराचे मोल २,५४,००० होत असेल तरी तेवढे मागू नका. २,४९,९५० ला लावा, किंवा खरोखर तेवढे मोल असेल तर थेट २,६५,००० मागा आणि धीर धरा.

घासाघीसही याच रेषेभोवती फिरत असे. घराची सांगितलेली किंमत २,५५,००० असेल तर खरेदीदाराचा एकूण खर्च २,६२,६५० होई आणि २,५०,००० ला ठरले तर २,५२,५००. विक्रेत्याने ५,००० सोडले की खरेदीदाराचे १०,१५० वाचतात, हे दोघांनाही माहीत असे. त्यामुळे सीमेच्या जरा वर सांगितलेल्या किमतीला ‘२,५०,००० ला देता का?’ हीच पहिली ऑफर येत असे, आणि बहुतेक विक्रेते तिला फार काळ नकार देऊ शकत नसत. यात एक गोष्ट सहज निसटते. ज्याच्या घराचे मोल या पट्ट्यात होते त्याने पोटमाळ्याची खोली करून घेतली किंवा स्वयंपाकघर नवे केले, तर विकताना त्या खर्चातला फारसा पैसा परत मिळत नसे, कारण सुधारणेने वाढलेले मोल सीमेपाशी येऊन अडत असे. कर घराच्या विक्रीवर होता, पण तो घराच्या निगराणीवरही परिणाम करत होता, आणि हे मला त्या पद्धतीतले सर्वांत मोठे नुकसान वाटते.

यात रोख रकमेचा प्रश्नही मोठा होता, आणि आजही आहे. गृहकर्ज घराच्या किमतीवर मिळते, कर मात्र पदरच्या पैशांतून भरावा लागतो. १० टक्के डिपॉझिट धरले तर २,५०,००० च्या घरासाठी २५,००० डिपॉझिट आणि २,५०० कर असे २७,५०० पौंड हाताशी हवेत. जुन्या पद्धतीत घर २,५५,००० चे असेल तर २५,५०० डिपॉझिट आणि ७,६५० कर असे ३३,१५० लागत. किंमत ५,००० ने वाढली, पण हातची रोकड ५,६५० ने जास्त लागली, तेही बँक ९० टक्के कर्ज देत असताना. महिन्याचा हप्ता परवडत असूनही ही वरची रोकड उभी न राहिल्यामुळे कित्येक तरुण जोडपी सीमेच्या खालीच राहत. सीमा म्हणजे केवळ गणिताची रेघ नसून पगारदार माणसाच्या बचतीची परीक्षा होती.

या सगळ्याचा पुरावा विक्रीच्या नोंदींत आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक घर नेमके किती किमतीला विकले गेले हे लँड रजिस्ट्री १९९५ पासून जाहीर करते, आणि ते कोणालाही पाहता येते. मायकेल बेस्ट आणि हेन्रिक क्लेव्हन या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ ते २०१२ या काळातल्या ब्रिटनमधल्या सर्व घरविक्रींची कर खात्याची नोंद तपासली, तेव्हा प्रत्येक सीमेच्या लगेच खाली व्यवहारांचा ढीग आणि लगेच वर पोकळी असे चित्र निघाले. ढीग सांगितलेल्या किमतींचा नव्हता, प्रत्यक्ष ठरलेल्या किमतींचा होता. म्हणजे एजंटांची ही केवळ जाहिरातीची सवय नव्हती.

सीमा टाळण्यासाठी आणखी एक वाट वापरली जाई. घराची किंमत २,५०,००० आणि पडदे, गालिचे, फ्रिज, बागेतल्या खुर्च्या यांचे वेगळे ५,००० असा करार करायचा. कर जमिनीवर आणि घरावर आहे, सुट्या सामानावर नाही, त्यामुळे तत्त्वतः यात गैर काही नाही. विक्रेता घरात काय ठेवून जाणार आणि काय नेणार हे तपशीलवार लिहून देण्यासाठी सॉलिसिटरकडे ‘टीए १०’ नावाचा ठराविक फॉर्मही असतो. परंतु सामानाची किंमत वाजवी असली पाहिजे, आणि भिंतीत बसवलेले ओटे, कपाटे किंवा न्हाणीघरातल्या वस्तू घराचाच भाग मानल्या जातात. वापरलेल्या गालिच्यांचे ५,००० पौंड दाखवले तर कर खाते तो भाग घराच्या किमतीत मिळवू शकते, आणि मग कराबरोबर व्याज आणि दंडही लागू शकतो. ही वाट आजही अधूनमधून सुचवली जाते. सामानाची रास्त किंमत लावता येत असेल तेव्हाच ती धरावी.

३ डिसेंबर २०१४ रोजी तत्कालीन अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी ही पद्धत बदलली, आणि बदल त्याच मध्यरात्रीपासून लागू झाला. नव्या पद्धतीत प्रत्येक दर फक्त त्या टप्प्यातल्या रकमेवर लागतो: १,२५,००० पर्यंत काही नाही, १,२५,००० ते २,५०,००० मधल्या भागावर २ टक्के, २,५०,००० ते ९,२५,००० मधल्या भागावर ५ टक्के, पंधरा लाखांपर्यंतच्या भागावर १० टक्के आणि त्यापुढच्या भागावर १२ टक्के. मधल्या काळात काही तात्पुरत्या सवलती येऊन गेल्या, तरी १ एप्रिल २०२५ पासून हेच दर पुन्हा लागू आहेत. जुनी पद्धत उंच पायरीसारखी होती, नवी उतारासारखी आहे: चढ आहे, पण पाय अडकत नाही. २,५०,००० च्या घरावर आता २,५०० पौंड कर आहे आणि २,५५,००० च्या घरावर २,७५०. विक्रेत्याने ५,००० जास्त मागितले तर खरेदीदाराला ५,२५० जास्त लागतात, १०,१५० नव्हे. त्यामुळे २,५२,००० किंवा २,५७,००० अशा किमती सांगण्यात आता काहीच वावगे राहिलेले नाही.

२,५०,००० या आकड्यावर मात्र आजही घरे गोळा होतात, आणि त्याचे कारण आता वेगळे आहे. राइटमूव्ह किंवा झूप्लासारख्या संकेतस्थळांवर लोक किमतीचे कप्पे निवडून शोध घेतात, आणि बरोबर २,५०,००० चे घर ‘२,५०,००० पर्यंत’ शोधणाऱ्यालाही दिसते आणि ‘२,५०,००० पासून पुढे’ शोधणाऱ्यालाही. २,४९,९५० चे घर दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून आज गोल आकडा दिसला की तो करामुळेच आहे असे समजू नये, आणि सीमेखाली आणण्याच्या नावाखाली कोणी सवलत मागत असेल तर विक्रेत्याने कराचा हिशेब स्वतः करून पाहावा. साध्या, राहते घर बदलणाऱ्या खरेदीदारासाठी २,५०,००० ची सीमा आता किमतीला अडवत नाही. ५ टक्क्यांच्या उतारावर ऑफरचा प्रत्येक पौंड एक पौंड पाच पेन्सला पडतो एवढेच.

पायरी आता उरली आहे ती एका ठिकाणी, आणि तिथे आयुष्यातले पहिले घर घेणारा उभा असतो. २२ नोव्हेंबर २०१७ पासून अशा खरेदीदाराला सवलत आहे. सध्याच्या नियमानुसार ३,००,००० पौंडांपर्यंत त्याला कर नाही आणि ३,००,००० ते ५,००,००० मधल्या भागावर ५ टक्के आहे. पण घर ५,००,००० च्या वर गेले की सवलत सगळीच्या सगळी जाते आणि नेहमीचा कर लागतो. ५,००,००० च्या घरावर त्याला १०,००० पौंड भरावे लागतात, ५,००,००१ च्या घरावर १५,०००. जुन्या पद्धतीतली ५,००० पौंडांची पायरी इथे तशीच परत आली आहे: ज्याची एकूण ऐपत ५,१०,००० ते ५,१५,००० आहे त्याची ऑफर ५,००,००० ला अडते. सप्टेंबर २०२२ ते मार्च २०२५ या काळात ही सीमा ६,२५,००० ला होती आणि करमुक्त मर्यादा ४,२५,००० ला, त्यामुळे त्या काळात वाचलेले जुने सल्ले आज जसेच्या तसे लागू करू नयेत. लंडनबाहेरच्या बऱ्याच भागांत ५,००,००० मध्ये ऐसपैस घर येते, पण हॅरो किंवा हाउन्सलोसारख्या लंडनच्या उपनगरांत एका साध्या कुटुंबाचे पहिले घर या आकड्याच्या आसपासच घुटमळते, आणि सीमेचा जाच तिथेच होतो.

तरीही २०१४ पूर्वीची आणि आजची पायरी यांत एक महत्त्वाचा फरक आहे. पूर्वी ती प्रत्येक खरेदीदारासमोर होती, म्हणून विक्रेत्यालाही तिच्यापुढे मान तुकवावी लागे. आज ५,०५,००० ची ऑफर देणारा दुसरा खरेदीदार जुने घर विकून आलेला असेल तर त्याच्यासाठी ५,००,००० हा आकडा काहीच नाही. त्यामुळे ज्या वस्तीत मुख्यतः पहिलटकर खरेदीदार येतात, उदाहरणार्थ दोन बेडरूमचे फ्लॅट असलेल्या इमारती, तिथे सांगितलेल्या किमती ५,००,००० ला टेकतात; चांगल्या शाळांजवळच्या चार बेडरूमच्या घरांच्या बाबतीत तसे होईलच असे नाही.

मराठी खरेदीदारांसाठी याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे, आणि इथे गाफील राहून अनेक जण मोठा फटका खातात. ‘पहिले घर’ म्हणजे इंग्लंडमधले पहिले घर नव्हे, तर जगात कुठेही असलेले पहिले घर. पुण्यात स्वतःच्या नावावर फ्लॅट असेल, आईवडिलांनी ठाण्याचे घर घेताना दस्तात मुलाचेही नाव घातलेले असेल, किंवा गावच्या घरातला वाटा वारसाहक्काने आलेला असेल, तरी ही सवलत मिळत नाही. तो फ्लॅट पूर्वीच विकून टाकलेला असला तरीही मिळत नाही. दोघे मिळून घर घेत असतील तर दोघेही पहिलटकर असावे लागतात.

भारतातले घर अजून नावावर असेल तर आणखी एक वाढीव कर आहे. ज्याच्याकडे आधीच दुसरे घर आहे आणि त्यातल्या त्याच्या वाट्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त आहे, त्याला संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा भरावे लागतात. एप्रिल २०१६ मध्ये हा अधिभार ३ टक्के होता. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ टक्के झाला. पतिपत्नींची घरे यात एकत्र मोजली जातात. जुने राहते घर विकून त्याच्या जागी नवे घेतले असेल, किंवा खरेदीनंतर तीन वर्षांच्या आत ते जुने राहते घर विकले, तर अधिभारातून सूट किंवा परतावा मिळू शकतो. वारशाने नुकत्याच आलेल्या लहान वाट्यालाही काही मुभा आहे. शिवाय खरेदीच्या आधीच्या वर्षात ब्रिटनमध्ये किमान १८३ दिवस राहिलेले नसल्यास एप्रिल २०२१ पासून आणखी २ टक्के लागतात. बंगळुरू किंवा पुण्याहून कंपनीने बदली करून पाठवलेल्या माणसाने पहिल्या काही महिन्यांतच घर घेण्याची घाई केली तर तो या २ टक्क्यांत सापडतो, मात्र पुढे तिथेच राहून दिवस पुरे झाले तर हे २ टक्के परत मागता येतात.

या फरकांनी ऑफर किती बदलते ते पाहावे. चार खरेदीदार एकाच घरासाठी आले आहेत आणि चौघांचीही कर धरून एकूण ३,२०,००० पौंड खर्च करण्याची तयारी आहे. पहिले घर घेणारा सुमारे ३,१९,००० ची ऑफर देऊ शकतो. जुने घर विकून आलेला सुमारे ३,१४,३००. कोथरूडचा फ्लॅट न विकता आलेला ३,००,०००, कारण त्याचा कर २०,००० होतो. आणि तोच फ्लॅट असलेला, शिवाय नुकताच आलेला, सुमारे २,९४,६०० वर थांबतो. विक्रेत्याला दिसतात फक्त चार ऑफरचे आकडे. चौघांचा खिसा सारखाच आहे हे त्याला कळत नाही आणि त्याचे त्याला देणेघेणेही नाही. म्हणूनच एजंट पहिल्याच फोनवर ‘तुम्ही पहिले घर घेताय का?’ असे विचारतो. आपण कोणत्या रांगेत उभे आहोत हे घर पाहायला जाण्यापूर्वी सॉलिसिटरकडून लेखी समजून घेणे, ही शंभर पौंडांच्या घासाघिशीपेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट आहे.

टप्पे जागा बदलतात तेव्हा तारखाही किमतीत शिरतात. सप्टेंबर २००८ ते डिसेंबर २००९ या काळात करमुक्त मर्यादा १,२५,००० वरून १,७५,००० केली होती, आणि बेस्ट व क्लेव्हन यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे व्यवहारांची संख्या अल्पकाळात सुमारे २० टक्क्यांनी वाढली. ८ जुलै २०२० पासून ती ५,००,००० वर नेली गेली, ३० जून २०२१ पर्यंत. त्या जून महिन्यात कम्प्लिशनची झुंबड उडाली आणि जुलैमध्ये आकडा कोसळला. १५,००० पौंडांपर्यंतची ही सवलत खरेदीदारांसाठी होती, पण ज्या घरामागे पाच-सहा जण लागलेले असतात तिथे प्रत्येकाच्या हातात आलेले जादा पैसे ऑफरमध्ये जातात आणि शेवटी विक्रेत्याकडे पोहोचतात. त्या वर्षी किमती वाढल्या त्याला साथीच्या काळात वाढलेली मोठ्या घरांची मागणीही कारण होती. सगळे श्रेय किंवा दोष करसवलतीला देता येणार नाही.

महाराष्ट्रानेही त्याच काळात हा अनुभव घेतला. राज्य सरकारने मुद्रांक शुल्क १ सप्टेंबर २०२० पासून डिसेंबरअखेरपर्यंत ३ टक्क्यांनी आणि मग मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी कमी केले. मुंबईत ते ५ चे २ आणि नंतर ३ टक्के झाले. दुय्यम निबंधक कार्यालयांत डिसेंबरात आणि मार्चमध्ये गर्दी उसळली. मुदतीत शुल्क भरून दस्त करून ठेवला की नोंदणीला चार महिन्यांचा अवधी मिळत असल्याने आपल्याकडे शेवटच्या दिवशीची धावपळ जरा निभावली. इंग्लंडमध्ये तशी सोय नाही. तिथे करार बांधील होतो तो ‘एक्स्चेंज’च्या दिवशी, पण दर लागतो तो कम्प्लिशनच्या दिवसाचा. आपण ज्याचे घर घेतो तो दुसऱ्याचे, तो दुसरा तिसऱ्याचे, अशी साखळी असते आणि तिच्यात कुठेही एक सही अडली तरी तारीख हुकते. मार्च २०२५ च्या अखेरीस असेच झाले: ज्या पहिलटकराचे घर ५,००,००० ते ६,२५,००० च्या दरम्यान होते, त्याला १ एप्रिल उजाडताच ११,२५० पौंड जास्त भरावे लागले. एक्स्चेंज व्हायचे राहिले असेल तोवर ऑफर कायद्याने बांधील नसते, म्हणून मुदत हुकणार असे दिसताच कित्येक खरेदीदार किंमत उतरवून मागतात. तारखेची जोखीम कोणाची, हे ऑफर देतानाच लेखी ठरवलेले असेल तर शेवटच्या आठवड्यातली ही कटुता टळते.

महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काला किमतीनुसार असे चढते टप्पे नाहीत. सरसकट टक्केवारी आणि खाली रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दरांचा, आधार, अशी रचना आहे. मात्र बांधकाम चालू असलेल्या घराच्या जीएसटीत हुबेहूब तीच पायरी सापडते. एप्रिल २०१९ पासून ४५ लाखांपर्यंतच्या आणि मुंबई महानगर प्रदेशात ६०, तर पुण्यासह इतरत्र ९० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतच्या घरावर १ टक्का जीएसटी आहे. त्यावर गेले की संपूर्ण किमतीवर ५ टक्के. ४५ लाखांचे घर ४५,४५,००० ला पडते आणि साडेपंचेचाळीस लाखांचे ४७,७७,५०० ला. नव्या प्रकल्पांच्या जाहिरातींत ‘४४.९० लाख’ हा आकडा का दिसतो, ते इथे उघड होते.

हाच हिशेब लंडनच्या उपनगरातल्या ५,१५,००० सांगितलेल्या घरासमोर उभ्या असलेल्या पहिलटकर जोडप्याने कागदावर मांडावा. ५,००,००० ला ठरले तर त्यांचा एकूण खर्च ५,१०,०००. ५,०५,००० ला ठरले तर कर १५,२५० आणि एकूण ५,२०,२५०. म्हणजे एजंटाने ‘आणखी पाच हजार वाढवा’ म्हटले की त्यांच्या दृष्टीने ती मागणी १०,२५० पौंडांची असते, आणि हे त्यांनी एजंटाला आकड्यांसह सांगायला मुळीच संकोचू नये. आपली ऑफर ५,००,००० वर का थांबली हे विक्रेत्याला कळले तर तिला तो उगाच पाडून मागितलेली किंमत समजत नाही. दुसरा खरेदीदार ५,०८,००० देत असेल तर मात्र त्या घरासाठी आपला खर्च ५,२३,४०० पर्यंत जाईल. तेवढी रोकड खरोखर हाताशी असेल आणि घर तेवढे आवडले असेल तरच सीमा ओलांडावी, आणि ओलांडायचीच असेल तर एक-दोन हजारांनी ओलांडून थांबू नये, कारण पायरीचे ५,००० पहिल्याच पौंडाला गेलेले असतात.